कोंडण्याचा अधिकार

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्ध्याच्या घरी दोन महिन्यांचे एक गावठी कुत्र्याचे पिल्लू आले. घरात घाण न करण्याची त्यास सवय लागावी म्हणून आम्ही संत्र्यांची एक रिकामी पेटी आडवी ठेवली, तीस जाळीचे दार बसविले व आत गोणपाट अंथरले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ ती पाहून एवढेच म्हणाले, “ह्याचा गुन्हा काय?” आम्ही हसलो, परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. जो जीव आपली बाजू मांडू शकत नाही, त्यास त्याच्याच हिताच्या नावाखाली कोंडण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

प्रथम ह्या रीतीची उपपत्ती पाहू. पिले अगदी लहान असता कुत्री त्यांची घाण स्वतः चाटून काढते. पुढे सुमारे तीन आठवड्यांची होऊन चालू लागली की ती निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागतात. पेटी ह्याच उपजत प्रवृत्तीचा आश्रय घेते. उभे राहता, वळता व अंग पसरून निजता येईल एवढी ती असावी. फार मोठी असल्यास पिल्लू एका कोपऱ्यात निजते व दुसरा घाण करते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर त्यास अंगणातील ठरलेल्या जागी न्यावे आणि विधी होताच शाबासकी द्यावी. एवढ्या लहान जीवास दिवसा फार तर दोन तास धीर धरवतो. वाचकांच्या ध्यानात येईल की, ह्यांतील एकूण एक नियम पिल्लावर नसून धन्यावर आहे.

हे आम्हांस कळले ते चूक झाल्यावर. एका लग्नाच्या गडबडीत पेटी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बंद राहिली. परत येऊन पाहतो तो गोणपाट भिजलेले, आणि पिल्लू अंग चोरून कोपऱ्यात बसलेले. आमच्यापैकी एकाने रागाच्या भरात त्यास चापट मारली. वास्तविक, घडून गेलेल्या गोष्टीचा व माराचा संबंध कुत्र्यास जुळविता येत नाही. त्यास केवळ हाताचे भय कळते. त्या रात्री ते पेटीत जाईना.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. सरमेचा पुत्र तेथे आला असता राजाच्या भावांनी त्यास मारले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तेव्हा निरपराध्यास मारलेत म्हणून तुम्हांवर अकल्पित भय येईल, असा सरमेने शाप दिला. आणि त्याचे निवारण करील असा पुरोहित शोधीत राजास फिरावे लागले. त्या रात्री ही कथा आम्हांस आठवली. दोन तासांचा करार आम्ही मोडला होता, आणि शिक्षा मात्र त्यास दिली होती.

मग पेटीच नको, असे कोणी म्हणेल. स्वीडनमध्ये कुत्र्यास घरात असे कोंडण्यास मनाई आहे. आपल्याकडील 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानेही हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध ठरविला आहे. पेटीवाचूनही पिल्लू शिकते, हे खरे. तथापि, सवय न लागलेल्या कुत्र्याच्या वाट्यास आमच्याकडे जे येते ते स्वातंत्र्य नव्हे. दारची साखळी तरी येते, नाही तर रस्ता. चार आठवड्यांचे सौम्य बंधन जन्माची साखळी टाळीत असेल, तर ते क्रौर्य म्हणवत नाही. मात्र, ते बंधन संपविण्यासाठीच घातलेले असले पाहिजे.

आमच्या गावाजवळच सेवाग्राम आश्रमात साप पकडण्याचा चिमटा व पिंजरा जपून ठेवलेला आहे. साप मारावयाचा नाही, धरून दूर नेऊन सोडावयाचा, ह्यासाठी तो होता. ज्या पिंजऱ्याचे दार उघडण्याची जबाबदारी कोंडणाऱ्याने आधीच पत्करली आहे, त्यासच आम्ही न्याय्य म्हणू.

आम्ही पेटीचे दार काढले आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. ह्या वेळी घड्याळाकडे पाहण्याची पाळी घरातील प्रत्येकास वाटून दिली. वर्ध्याचा उन्हाळा येण्यापूर्वीच पिल्लू शिकले, व आता ते आपण होऊन त्या पेटीत निजावयास जाते. शेजारच्या गृहस्थांस आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही. त्याचा गुन्हा काहीच नव्हता, हेच ते उत्तर. आणि त्याचा विसर पडलेल्या धन्याने कोणासही कोंडू नये.