मताचें मोल कोणी द्यावें?

मत देण्यास पैसा पडत नाहीं, म्हणून जगांत मतांचा सुकाळ आहे, असें आपण म्हणतों. परंतु पैसा पडत नाहीं तो देणाऱ्याला. घेणाऱ्याला तो पुष्कळदां पडतो. आणि क्वचित् इतका पडतो कीं, त्याची फेड करण्यांत आयुष्याचीं कांहीं वर्षें निघून जातात. हा विचार कांहीं नवा नव्हे. पण मुरगूड येथें गेल्या उन्हाळ्यांत घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें तो माझ्या मनांत असा रुतून बसला आहे कीं, तो वाचकांपुढें मांडल्यावांचून मला स्वस्थता वाटेना.

मुरगूड हें कागल तालुक्यांतील वेदगंगेकांठचें गांव. भोवतीं उंसाचें रान, मध्यें बाजारपेठ, आणि ज्याचें पाणी गांव पितें तो सर पिराजीराव तलाव. येथील एका घरचा मुलगा दहा-बारा वर्षांपासून कॅनडांत असतो. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणें, ज्याला आतां लहानथोर सर्वच सॉफ्टवेअर म्हणतात, हा त्याचा व्यवसाय. मुलगा मनानें सरळ आणि बोलण्यांत मोकळा. तो सुटीवर आला कीं संध्याकाळीं त्यांच्या सोप्यांत दहा-पांच माणसें जमतात. शेजारधर्मानें मीही जाऊन बसतों.

त्या संध्याकाळीं त्याला काय विचारलें गेलें नाहीं? मोबाईल कोणता घ्यावा येथपासून प्रारंभ झाला. मग मुलांना इंग्रजी शाळेंत घालावें कीं नाहीं, लग्नाच्या पत्रिका छापाव्या कीं मोबाईलवरूनच धाडाव्या, घरांत दूरचित्रवाणी ठेवावी कीं काढून टाकावी, असे प्रश्न एकामागून एक येत गेले. तोही हंसत हंसत उत्तरें देत होता. मनगटाला घड्याळ बांधणें आतां निरर्थक. पत्रिका छापणें ही कागदाची नासाडी. कॅनडांतील कॉफी पाणचट, पण रांगेंत उभें राहण्याची तेथील रीत मात्र आपण उचलावी. कांहीं मतें मार्मिक होतीं, कांहीं गंमतीचीं होतीं, आणि कांहीं नुसतीच होतीं.

मंडळींत आमच्या गल्लींतील एक किराणा दुकानदार होते. त्यांची मुलगी बारावी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेली, आणि मराठी विषय घेऊन बी. ए. व्हावें असें तिच्या मनांत. त्यांनीं विचारलें, "बाळ, मराठी घेऊन पुढें काय रे?" तो म्हणाला, "काका, लिहिण्याचें काम आतां यंत्रच करतें. चार-पांच वर्षांनीं भाषा शिकलेल्याला कोण विचारणार?" इतकें बोलून त्यानें चिवड्याची बशी पुढें ओढली, आणि बोलणें पावसावर गेलें.

तिसऱ्या दिवशीं मला कळलें कीं, त्या गृहस्थांनीं मुलीला संगणकाच्या अभ्यासक्रमासाठीं पुण्यास धाडण्याचें ठरविलें आहे, आणि फीसाठीं तिच्या आईच्या पाटल्या गहाण पडावयाच्या आहेत. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती.

येथें प्रश्न उभा राहतो: यांत दोष कोणाचा? तो मुलगा म्हणेल, 'मी सहज बोललों. पाटल्या गहाण ठेवा असें मीं कोठें सांगितलें?' आणि हें खरेंच आहे. परंतु शब्दाचें वजन बोलणारा एकटा ठरवीत नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांत त्याच्याविषयीं जो आदर असतो, तोही त्या शब्दांत मिसळून वजन वाढवितो. तेंच वाक्य मी बोललों असतों, तर दुकानदारांनीं एका कानानें ऐकून दुसऱ्यानें सोडून दिलें असतें. 'सहज' हा शब्द बोलणाऱ्याच्या मनःस्थितीचें वर्णन करतो, परिणामाचें नव्हे. ज्याचा शब्द जड झाला आहे त्यानें तो हलका समजून फेंकणें, हें गच्चीवरून सहज दगड टाकण्यासारखें आहे.

उलट पक्षीं, ऐकणाराही सर्वस्वी निर्दोष नसतो. दुकानदारांच्या मनांत मुलीच्या भवितव्याची भीति आधींपासूनच होती. तिला निर्णयाचें रूप देण्याचें धैर्य मात्र त्यांना होत नव्हतें. परदेशांतून आलेल्या, यंत्रांच्या घरांत वावरणाऱ्या माणसाच्या एका वाक्यानें तें धैर्य त्यांना उसनें मिळालें. उसन्या मताची सोय ही कीं, त्याबरोबर जबाबदारीही दुसऱ्याच्या खांद्यावर देतां येते. उद्यां चुकलें, तर 'त्यानेंच सांगितलें होतें' असें म्हणावयास जागा राहते. आणि जो मी हें लिहीत आहें, तो त्या सोप्यांतच बसलों होतों. त्या वाक्यावर मला बोलतां आलें असतें. पण पाहुण्याचा विरस नको म्हणून मी गप्प राहिलों. माझ्या सभ्यतेचें मोलही त्या मुलीच्याच खात्यावर पडलें.

आतां थोडें खोल जाऊं. जो यंत्र करतो, त्याला त्या यंत्राचें ज्ञान असतें. पण त्यावरून त्या यंत्रासह कसें जगावें हेंही त्यालाच अधिक कळतें, असें सिद्ध होतें काय? एक उदाहरण आपल्या लिपीचेंच घेऊं. १९६३ मध्यें अमेरिकेंत संगणकासाठीं अक्षरांची जी सांकेतिक योजना ठरली, तींत एकंदर १२८ जागा होत्या. त्या इंग्रजी अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि यंत्राच्या खुणा यांच्यासाठींच होत्या. आपल्या अक्षरांना तेथें जागाच नव्हती. त्यांत दुष्टपणा कोणाचा नव्हता. आपल्या गरजेपुरतें पाहणाऱ्या हुशार माणसांनीं आपल्यापुरती सोय केली, इतकेंच. पुढें १९९१ मध्यें युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीला स्थान मिळालें. तरी एक बारीक गोष्ट उरतेच. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें मराठी शाळेंतील पोरही सांगेल. पहिल्यानें गुरुजी येतील, दुसऱ्यानें स्वयंपाकी. हिंदी लिहिणाऱ्याला या दुसऱ्या 'ऱ्या'ची गरज भासत नाहीं. तो यंत्रांत उमटावा यासाठीं वेगळी तजवीज करावी लागली, आणि ती करावयास हवी हें सांगण्यास मराठी जाणणारा माणूसच हवा होता. म्हणजे ज्या कामाला त्या संध्याकाळीं 'कोण विचारणार' असें म्हटलें गेलें, त्या कामाची गरज यंत्रालाही पडते. हें त्या मुलाला ठाऊक नव्हतें असें नव्हे. बोलतांना तें त्याला आठवलें नाहीं. सहज बोलण्याचा हाच धोका आहे. त्यांत माणूस आपल्या ज्ञानाच्या नांवावर आपलें अज्ञानही खपवून जातो.

तर मग कारागिरानें जीवनावर बोलूंच नये काय? तसें म्हणतां येणार नाहीं, आणि याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ मध्यें बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें ते नांगर खपविण्यास आरंभीं मोठे कष्ट पडले. त्या कारखान्यानें १९२० मध्यें आपल्या मालाची माहिती देण्याकरितां 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्र काढलें. शंकरराव किर्लोस्करांच्या हातीं त्याचें १९२९ मध्यें 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० मध्यें 'स्त्री' आणि १९३४ मध्यें 'मनोहर' निघालें. नांगर करणाऱ्यांचें घर स्त्रियांचें शिक्षण, अंधश्रद्धा, पोशाख, संसार यांवर बोलूं लागलें, आणि मराठी मध्यमवर्गानें तें आवडीनें ऐकलें.

तें बोलणें आणि सोप्यांतलें बोलणें यांत भेद कोणता? नांगर वाईट निघता, तर तो करणाऱ्याच्याच आवारांत गंजत पडला असता. मत न पटतें, तर वर्गणीदार तुटला असता. छापलेल्या मताखालीं नांव होतें, पत्ता होता, आणि जाब विचारण्यास पुढचा अंक होता. याच मासिकांनीं सावरकरांनीं सुचविलेली 'अ'ची बाराखडी स्वीकारली. छापखान्यांतील खिळे कमी व्हावे म्हणून 'इ'च्या जागीं 'अि' आणि 'उ'च्या जागीं 'अु' छापूं लागलीं. यंत्राच्या सोयीसाठीं लिपीनें वळावें असें तें मत होतें. वाचकांनीं तें वर्षानुवर्षें वाचलें. परंतु त्यांच्या घरांतल्या पाटीवर तें उतरलें नाहीं, आणि अखेर तें मागें पडलें. यांत कोणाची मानहानि झाली नाहीं. मत मांडणाऱ्यानें प्रयोगाचा भार स्वतः उचलला, आणि निर्णय ज्यांची लिपी होती त्यांच्या हातीं राहिला.

कॅनडाचेंच उदाहरण हवें असेल, तर तेथील टिम ब्रे या गृहस्थांचें घ्यावें. संगणकांनीं एकमेकांस माहिती पोंचविण्याची एक्सएमएल नांवाची जी पद्धति १९९८ मध्यें सिद्ध झाली, तिच्या कर्त्यांपैकीं ते एक. २०२० च्या महामारींत, गुदामांतील कामगारांच्या सुरक्षिततेविषयीं आवाज उठविणाऱ्यांना कामावरून काढलें गेलें, हें न पटल्यामुळें त्यांनीं एका बलाढ्य कंपनींतील उपाध्यक्षाची जागा सोडली, आणि कारण उघडपणें लिहिलें. त्यांचें म्हणणें कोणास पटो वा न पटो. त्या मताचें मोल त्यांनीं आपल्या खिशांतून दिलें, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं.

मला वाटतें, मताची पारख करण्याचा सोपा मार्ग हाच आहे. बोलणारा किती शिकला आहे हें मागाहून पाहावें. आधीं हें पाहावें कीं, मत चुकलें तर भरपाई कोण करणार. आपल्या पूर्वजांनीं उंटावरच्या शहाण्याची गोष्ट उगीच सांगितली नाहीं. रेडकाचें डोकें मडक्यांत अडकलें. शहाणा आला, पण उंटावरून उतरेना, म्हणून त्याला आंत घेण्यासाठीं भिंत पाडली. त्यानें मान कापावयास सांगितलें. मग डोकें निघेना म्हणून मडकें फोडावयास सांगितलें. या गोष्टींत आपण शहाण्याच्या मूर्खपणाला हंसतों. पण खरा मुद्दा हिशेबाचा आहे. भिंत घरधन्याची, रेडकूं घरधन्याचें, मडकेंही घरधन्याचें. शहाण्याचा एक कवडीचाही तोटा झाला नाहीं. तो खालीं उतरता, तर मडकें आधीं फोडावें हें त्यालाही दिसलें असतें.

यावर कोणी म्हणेल, असा हिशेब लावूं लागलों तर सोप्यांतल्या गप्पाच बंद होतील. तसें व्हावें असें मीं म्हणत नाहीं. गप्पांवांचून गांव कसलें? मागणें एवढेंच कीं, बोलणाऱ्यानें 'हें मी जाणतों' आणि 'हें मला वाटतें' यांतली रेघ पुसूं नये, आणि ऐकणाऱ्यानें ती रेघ कोठें आहे हें विचारण्यास लाजूं नये. त्याच संध्याकाळीं तो मुलगा आणखी एक वाक्य बोलला होता. "माझ्या मुलाला जेवतांना मी मोबाईल देत नाहीं, परत घेतांना फार त्रास होतो." त्या वाक्याची कोणीं दखलही घेतली नाहीं. पण तें त्याच्या घरांतलें होतें. त्याचा त्रास त्यानें सोसला होता. त्या दिवसाच्या साऱ्या मतांत उचलण्याजोगें तेंच होतें.

तो परत जाण्याच्या आदल्या दिवशीं मीं त्याला पाटल्यांची हकीकत सांगितली. तो चकित झाला. "मी असें म्हणालों?" त्याला तें आठवतही नव्हतें. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग पायांत चपला घालून तो त्यांच्या दुकानाकडे निघाला. मागोमाग मीही गेलों, कारण माझेंही कांहीं देणें होतें. त्यानें दुकानदारांना सांगितलें, "काका, यंत्रें काय करतात तें मला थोडेंफार कळतें. पण चार-पांच वर्षांनीं काय होईल तें मला कळत नाहीं, आणि तुमच्या मुलीला काय जमेल तें तर मुळींच कळत नाहीं. तें तिला विचारा." मग मीही, त्या दिवशीं जें बोलावयास हवें होतें, तें उशिरानें बोललों.

पाटल्या तूर्त घरांतच राहिल्या. मुलीनें पुढें काय निवडलें, तें मी येथें लिहीत नाहीं. कारण मराठी घेऊनही ती पस्तावेल आणि संगणक शिकूनही ती सुखी होईल, हें शक्य आहे, आणि तिच्या निवडीवर आपलें मत देण्याचा मोह वाचकांनाही आवरणार नाहीं. मोल तिला द्यावयाचें आहे. निवडही तिचीच असावी.