सहधर्म आणि संमती

पती किंवा पत्नी गंभीर आजाराने रुग्णालयात असताना उपचाराचा निर्णय कोणी करावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा आहे. विवाहसमयी वर कन्यादात्यास वचन देतो की, धर्म, अर्थ आणि काम या तिहींत मी हिला डावलून वागणार नाही. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या कागदावर सही मागतात, त्या दिवशी ह्या वचनाची खरी परीक्षा होते.

आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पत्नी आजारी असली म्हणजे डॉक्टर पतीला बाजूला बोलावून रोगाचे नाव सांगतात. मग वडीलधारी मंडळी एकत्र बसतात. मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात न्यावे की गावाजवळच उपचार करावेत, याचा खल होतो. गोव्यातील कित्येक घरी कुलदेवतेला प्रसाद लावतात आणि उजवा प्रसाद झाला की दिवस ठरतो. डॉक्टरांना विचारले, भावांना विचारले, देवालाही विचारले. ज्या देहावर शस्त्र चालायचे, तो जिचा आहे तिला मात्र कोणी विचारले नाही! तिला एवढेच सांगण्यात येते, "लहानशी गाठ आहे, काढली की घरी जायचे." पती आजारी असला तर पत्नीही हेच करते. यात दुष्टावा नसतो, प्रेमच असते. आणि म्हणूनच प्रश्न अवघड होतो.

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. एका महिलेला तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, रुग्ण सज्ञान आहे, स्वतः निर्णय करण्यास समर्थ आहे आणि जिवावरचा तातडीचा प्रसंगही नाही, अशा वेळी आईची संमती ही संमती नव्हे. आईला जो अधिकार नाही, तो पतीला कोठून येणार?

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते व दोघांचा अर्धा अर्धा वाटा ठरतो. समाईक घर एकट्याच्या सहीने विकता येत नाही. घराच्या बाबतीत ज्याला जोडीदाराची संमती आवश्यक वाटते, त्यानेच जोडीदाराच्या देहाबाबत परस्पर निर्णय करावा, ही विसंगती नव्हे काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो लहानसहान नाही. आपल्या परंपरेत पतिव्रतेचा आदर्श म्हणजे सावित्री. नारदांच्या तोंडून तिला कळले होते की सत्यवानाचे आयुष्य एक वर्षाचे आहे. ते तिने पतीला सांगितले नाही. वर्षभर तो भार एकटीने वाहिला, अखेरीस तीन रात्रींचे व्रत केले आणि त्या दिवशी हट्टाने त्याच्याबरोबर वनात गेली. मग प्रिय माणसापासून दुःख लपविणे हाच धर्म नव्हे काय? आमच्या मते येथे एक भेद करावयास हवा. सत्यवानापुढे निवड अशी नव्हतीच; कोणता उपचार घ्यावा, कोणता अवयव द्यावा, हा प्रश्न त्या वनात उद्भवला नव्हता. सावित्रीने गुपित राखले, पण पतीचा एकही निर्णय स्वतःकडे घेतला नाही. आजच्या रुग्णापुढे निवड आहे. ती त्याच्या हातून काढून घेणाऱ्याने सावित्रीचा दाखला देऊ नये.

अर्थात सत्य सांगणे म्हणजे निदानाचा कागद तोंडावर फेकणे नव्हे. पहिला प्रश्न असावा, "तुला किती जाणून घ्यायचे आहे?" कोणी म्हणेल, सगळे सांगा, कोणी म्हणेल, "मला सांगू नका, तुम्हीच ठरवा." हाही तिचाच निर्णय होय, आणि मग तिच्यासाठी ठरविणे ही सेवा ठरते. न विचारता ठरविणे मात्र, कितीही प्रेमाने केले तरी, अतिक्रमणच राहते.

मग जोडीदाराच्या वाट्याला काय उरते? पुष्कळ उरते. कर्करोगाच्या औषधांचा क्रम महिनोन्‌महिने चालतो. केस गळतात, तोंडाची चव जाते, अन्नाचा वास सोसवत नाही. अशा वेळी पेज पुढे करणे, रात्री उशाशी बसणे, डॉक्टरांचे बोलणे सोप्या शब्दांत पुन्हा सांगणे आणि भीती बोलून दाखविता येईल अशी शांतता खोलीत राखणे, हा सहधर्म आहे. त्यातील सर्वांत कठीण भाग म्हणजे रुग्ण "आता पुरे" म्हणेल तेव्हा ते ऐकणे. त्याला धीर द्यावा, डॉक्टरांशी पुन्हा बोलावयास लावावे. परंतु आपल्याला एकटे राहण्याचे भय वाटते म्हणून त्याला यातना भोगावयास लावू नये. बोलण्याची शक्ती पुढे जाईल, हे ओळखून आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ केली. तो कागद पतिपत्नींनी शरीर धड असतानाच एकत्र बसून करावा, असे आम्ही सुचवितो.

देवाला प्रसाद अवश्य लावावा. श्रद्धेने मनाला बळ येते. परंतु त्याआधी खाटेवरच्या माणसाला विचारावे. त्याच्या देहातही त्याच देवाचा वास आहे, असे आपण मानतो ना?