वासरू, दूध आणि रक्तातले आम्ल

रक्तात आम्ल वाढले की श्वास खोल होतो. माणूस झोपेत असो, बेशुद्ध असो, आम्ल म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नसो. छाती भात्यासारखी चालू लागते. १८७४ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने मधुमेहाच्या मूर्च्छेतील रुग्णांचा हा श्वास बारकाईने टिपला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. रुग्ण गलितगात्र, हाक मारली तरी न कळणारा, आणि श्वास मात्र धडधाकट माणसाने गड चढताना घ्यावा तसा मोठा व अखंड. ही विसंगती कुसमाउलच्या नजरेत भरली होती.

हा श्वास कशासाठी, असे कोणी विचारले तर ‘आम्ल कमी करण्यासाठी’ हे उत्तर सहज तोंडी येते. ‘साठी’ म्हटले की हेतू आला, आणि हेतू आला की तो कोणाचा, हा प्रश्न मागोमाग आला. भारतीय दर्शनांत या प्रश्नावर जुना वाद आहे. सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने गाईच्या दुधाचा दृष्टांत दिला. दूध अचेतन, तरी ते वासराच्या पोषणासाठी पाझरते. तशीच जड प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन तत्त्वाच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नेमका हाच दृष्टांत धरला. दूध आपले आपण पाझरत नाही. गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे, वासरू आचळाला लुचते, म्हणून दूध येते. जाणत्यावाचून हेतू नाही, असा त्यांचा आक्षेप. वाद मोक्षाच्या प्रकरणातला खरा, पण शरीरात दुधासारखे दाखले पावलोपावली आहेत, आणि रक्तातल्या आम्लाचा दाखला त्यांत फार मोलाचा, कारण त्याची जवळजवळ प्रत्येक पायरी मोजता येते.

या अवस्थेला वैद्यकात ‘अ‍ॅसिडोसिस’ म्हणतात. छातीत जळजळ करणारी ‘अ‍ॅसिडिटी’ ती ही नव्हे. ती जठरातली गोष्ट. धमनीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तिथे एका लिटरमध्ये हायड्रोजनचे आयन जेमतेम ४० नॅनोमोल असतात. त्याच लिटरमधले सोडियम त्याच्या सुमारे ३५ लाख पट. एवढीशी मात्रा चौपट झाली, म्हणजे पीएच ६.८ पर्यंत उतरला, की जगणे कठीण होते. आणि शरीर तर रात्रंदिवस आम्लच तयार करत असते. रोज सुमारे १५,००० मिलिमोल कर्बवायू पेशींतून बाहेर पडतो व पाण्यात विरघळून आम्ल बनतो. शिवाय मुख्यतः प्रथिनांच्या चयापचयातून ५० ते ७० मिलिमोल असे आम्ल येते, जे फुप्फुसांतून उडून जाऊ शकत नाही. ते मूत्रपिंडांनाच निपटावे लागते.

तोल बिघडतो तो दोन वाटांनी. पहिली फुप्फुसांची. मण्यार चावली की तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दम्याचा जबर झटका, अफूच्या जातीच्या औषधांचा अतिरेक, फुप्फुसांचे जुनाट आजार यांतही कर्बवायू आतच साठतो. दुसरी वाट चयापचयाची. पटकीच्या जुलाबांत आम्लाला आवर घालणारे बायकार्बोनेट शरीराबाहेर वाहून जाते. रक्तदाब कोसळला की पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि लॅक्टिक आम्ल साचते. मूत्रपिंडे निकामी झाली की रोजचे आम्लच तुंबते. मधुमेह आणि विषारी दारू ही कारणेही याच वाटेवरची. त्यांच्याकडे पुढे वळावे लागेल.

प्रतिकाराची पहिली फळी क्षणात उभी राहते. रक्तातले बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिने आयन टिपून घेतात. आजार लांबला तर हाडांतला चुनाही खर्ची पडतो. मग श्वास. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. वाढलेले आम्ल तिला जाणवते आणि ती मेंदूच्या देठाला निरोप धाडते. धमन्यांतील अशा संवेदकांचा श्वासाशी संबंध दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. काही मिनिटांत श्वास वाढतो आणि कर्बवायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरवरून २० पर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. मूत्रपिंडांना मात्र तीन ते पाच दिवस लागतात. ग्लुटामिनपासून ती अमोनिया बनवतात, त्याच्या गळ्यात आम्ल बांधून ते लघवीवाटे घालवतात आणि नवे बायकार्बोनेट रक्तात सोडतात. फुप्फुसे आजारी असतील तर सगळा भार मूत्रपिंडांवर. मूत्रपिंडे आजारी असतील तर फुप्फुसांवर. घरातला एक अंथरुणाला खिळला की दुसऱ्याने त्याचे काम ओढावे, तसे हे दिसते.

शरीराच्या शहाणपणाबद्दल जे बोलले जाते ते अशाच गोष्टींवरून, आणि त्यात आश्चर्य वाटावे असे खरोखर पुष्कळ आहे. पण बारकाईने पाहिले की एक गोष्ट खटकते. श्वास रक्ताला जवळपास कधीच पुरते मूळ पदावर आणत नाही. पीएच सुधारतो, तरी थोडा खालीच राहतो. कारण श्वासाला हाकणारा निरोप म्हणजे ते वाढलेले आम्लच. आम्ल पूर्ण गेले तर निरोप गेला आणि निरोप गेला तर श्वासही मंदावणार. ज्याला उद्दिष्ट माहीत आहे तो काम तडीस नेतो. इथे तसा कोणी जाणता दिसत नाही. या मुद्द्यावर पारडे सांख्यांकडे झुकते.

मधुमेहात ते आणखी झुकते. चार दिवसांच्या उपवासात यकृत चरबीपासून कीटोन बनवते व त्यावर मेंदू तग धरतो. ही उत्तम सोय आहे, आणि इन्सुलिनचा थोडासा लगाम असल्याने तिथे आम्ल फारसे वाढत नाही. पण ज्याच्या शरीरात इन्सुलिनच उरले नाही, त्याच्या रक्तात साखर ओसंडत असताना शरीर तीच उपासमारीची तजवीज करते, तीही बेलगाम. कीटोनचे आम्ल साचते आणि त्याला हुसकायला कुसमाउलचा श्वास धावतो. आग लावणारा हात आणि पाणी ओतणारा हात एकाच शरीराचे. म्हणून वैद्य आम्ल मारणाऱ्या सोड्यावर, म्हणजे बायकार्बोनेटवर, विसंबत नाहीत. इन्सुलिन आणि सलाईन देऊन मूळ गैरसमजच मोडतात. विषारी दारूत याहून वाईट घडते. मिथेनॉल स्वतः तितके घातक नसते. यकृत ते नेहमीच्या दारूसारखे मोडायला जाते आणि त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होते. ते डोळ्यांच्या नसा जाळते, जीव घेते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यावरचा उतारा म्हणजे यकृताला हे काम करूच न देणारे औषध.

दुधाच्या दृष्टांताला इथे एक शेपूट जोडता येते. वासरू दगावले की गवळी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करतो. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. माया खरी, दूध खरे, वासरू मात्र पेंढ्याचे. म्हणजे गाय चेतन असली तरी पान्हा वासराच्या खुणेवर फुटतो. शरीरही खुणेवरच चालते. खूण आणि वस्तू सहसा जोडीने येतात, म्हणून ते शहाणे दिसते. जोडी फुटली की तीच तत्परता घात करते. शंकराचार्यांच्या आक्षेपाने सांख्यांचा दृष्टांत मोडत नाही, आणि जाणता असला की चूक टळते, हेही त्यातून सिद्ध होत नाही.

जाणताही खुणेवरूनच अनुमान करतो. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ होती आणि श्वासाचे स्नायू गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले असा अर्थ लावला जात होता. भूलतज्ज्ञ बियॉर्न इब्सेन यांनी तो उलटा लावला: आत कर्बवायू कोंडला आहे, रक्त आम्ल झाले आहे. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली आणि त्यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. निरोप देणारे संवेदक तिच्या शरीरात शाबूत होते, निरोप पाळणारे स्नायू नव्हते. ती वाचली. पुढचे कित्येक महिने सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि तशाच पिशव्या दाबत राहिले.