अभिप्राय ग्राहकाचा, कात्री कंपनीची

अमेरिकेतील फॅशन नोव्हा ही कपडे विकणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर ग्राहकांचे अभिप्राय प्रसिद्ध करत असे. ते पैसे देऊन लिहवून घेतले होते, असा आरोप तिच्यावर नव्हता. आरोप वेगळाच होता. चार आणि पाच तारे देणारे अभिप्राय आपोआप झळकत; त्याहून कमी तारे देणारे मंजुरीसाठी अडवून ठेवले जात आणि ती मंजुरी मिळतच नसे. २०१५ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत असे लाखो नाराज अभिप्राय कुणाच्या नजरेस पडले नाहीत, असे फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी आयोगाचे म्हणणे होते. जानेवारी २०२२ मध्ये ४२ लाख डॉलर भरण्याचे मान्य करून कंपनीने हे प्रकरण मिटवले.

ऑनलाइन अभिप्रायांवर कितपत विश्वास ठेवावा, ही चर्चा आपल्याकडे खोट्या अभिप्रायांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. भाषा फार गुळगुळीत आहे का, एकाच दिवशी पन्नास जणांनी पाच तारे कसे दिले, अशा खुणा शोधायला आपण शिकलो आहोत. या प्रकरणात त्या खुणांचा काहीही उपयोग झाला नसता. अभिप्राय खरे असूनही त्यातून उभे राहणारे चित्र खोटे होते. म्हणून माझ्या मते विचारायचा प्रश्न ‘हा अभिप्राय खरा आहे का’ एवढाच नाही. कोणता अभिप्राय ठेवायचा आणि कोणता वगळायचा, हे कोण ठरवते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याला विक्रीतून नफा मिळतो त्याच्याच हाती हा अधिकार असेल आणि त्याच्यावर कुणाची नजर नसेल, तर ती ग्राहकांची साक्ष उरत नाही. ती जाहिरातच होते.

अभिप्रायांना एवढे वजन का आले, हे आधी पाहायला हवे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालातली खोट विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावू शकतो. पेठेतल्या दुकानात ही दरी ओळखीने भरून निघे. दुकानदार तिथेच राहणारा, आपण तिथेच राहणारे. खराब तूरडाळ दिली तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचे असे. ऑनलाइन खरेदीत माल हाताळता येत नाही आणि विक्रेत्याचे गावही माहीत नसते. ओळखीची जागा अनोळखी माणसांच्या अनुभवाने घेतली. मायकेल लुका या संशोधकाने सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ मध्ये मांडले की, येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला तर उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते. मोठ्या साखळ्यांवर हा परिणाम दिसत नाही, स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसतो. एका ताऱ्याची एवढी किंमत असेल, तर तो कष्टाने मिळवण्याऐवजी विकत घेण्याचा मोह होणारच.

आणि तो होतो. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या संडे रायली कंपनीच्या व्यवस्थापनाने सेफोरा या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर आपल्याच मालाची स्तुती लिहायला कर्मचाऱ्यांना लावले, वेगवेगळ्या नावांची खाती उघडायला सांगितले आणि माग लागू नये म्हणून काय करावे तेही शिकवले, अशी तक्रार अमेरिकी आयोगाने केली. २०१९ मध्ये ते प्रकरण दंडाविना मिटले आणि आयोगाच्या पाचपैकी दोन सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला. त्याच वर्षी ॲमेझॉनवर पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेतल्याबद्दल वजन घटवण्याच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर त्या आयोगाने पहिली कारवाई केली. ‘खरेदीची खात्री झालेला’ असा शिक्का मिळवण्याचीही युक्ती निघाली: विक्रेता अनोळखी पत्त्यावर फुकट पार्सल पाठवतो, त्या नावाने खरेदी झाल्याची नोंद होते आणि मग त्याच नावाने स्वतःच कौतुक लिहितो.

हा धंदा आपल्या दारापर्यंत आला आहे. पुण्या-मुंबईच्या सायबर पोलिसांकडे येणाऱ्या ‘टास्क फ्रॉड’च्या तक्रारींत सुरुवात ठरावीक असते. घरबसल्या कामाचा निरोप येतो; एखाद्या हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, थोडे पैसे मिळतील. सुरुवातीला ते खरोखर मिळतात. मग मोठ्या कमाईच्या आशेने माणूस स्वतःचे पैसे भरतो आणि ते बुडतात. यात पैसे गमावणाऱ्यांचे दुःख मोठे आहेच. पण न पाहिलेल्या हॉटेलला पैसे घेऊन तारे देणे हे शिकल्यासवरल्या माणसांनाही साधे, निरुपद्रवी काम वाटते, ही गोष्ट मला तितकीच गंभीर वाटते. खोटी साक्ष देणे आपल्या नकळत रोजगार म्हणून मान्य होऊ लागले आहे.

तरीही खोटे लिहिणे हा या आजाराचा ढोबळ प्रकार झाला. सूक्ष्म प्रकारांत एकही शब्द खोटा लागत नाही. माल हाती पडल्या-पडल्या, तो वापरून पाहण्याआधीच, अभिप्राय मागायचा. समाधानी दिसणाऱ्या ग्राहकाला उघड व्यासपीठाचा दुवा पाठवायचा आणि नाराज ग्राहकाला खासगी तक्रारपेटीकडे वळवायचे. जुन्या, नावाजलेल्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू जोडून जुने तारे तिला द्यायचे. पूरक आहार बनवणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीने याच आरोपावरून २०२३ मध्ये सहा लाख डॉलर भरले. शिवाय कुणीही कात्री चालवली नाही तरी अभिप्राय एकांगीच जमतात, कारण लिहायला बसतात ते बहुधा खूप खूश झालेले किंवा खूप चिडलेले. ‘ठीक आहे, चालते’ असे वाटणारा मोठा वर्ग गप्प राहतो.

प्रामाणिक अभिप्रायांनाही एक मूलभूत मर्यादा आहे. डी लांग, फर्नबाख आणि लिक्टेनस्टाइन या संशोधकांनी १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तूंचे ऑनलाइन तारे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या गुणांशी ताडून पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हींचा मेळ फारच कमी दिसला. तारे किंमत आणि ब्रँडच्या प्रतिमेकडे झुकलेले आढळले. यात ग्राहकाची लबाडी नाही. बूट चावतो का, खोलीत आवाज येतो का, हे ग्राहकच सांगू शकतो. कुकरची सुरक्षा-झडप तीन वर्षांनी दगा देईल का, हळदीत शिशाचा रंग आहे का, हे तो वापरून सांगू शकत नाही. अशा बाबतीत हजार प्रामाणिक अभिप्रायही एका चाचणीची जागा घेत नाहीत.

मग कंपन्यांना अभिप्राय वगळण्याचा अधिकारच नसावा का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवीगाळ, जातिवाचक शेरे, कर्मचाऱ्याचा फोन नंबर, प्रतिस्पर्ध्याने पेरलेली बदनामी हे काढावेच लागते. दीना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हलिए या संशोधकांनी २०१४ मध्ये ट्रिपॲडव्हायझर आणि एक्सपीडिया या प्रवासविषयक संकेतस्थळांची तुलना केली. एक्सपीडियावर तिथूनच खोली घेतलेल्यालाच लिहिता येत असे, ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही. ज्या हॉटेलांच्या शेजारी स्वतंत्र मालकीचे हॉटेल होते, त्यांच्या वाट्याला ट्रिपॲडव्हायझरवर नकारात्मक अभिप्राय तुलनेने जास्त येत होते. कोकणात चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबाला ‘पैसे परत करा, नाहीतर एक तारा देतो’ अशी धमकी मिळाली, तर त्याचा सीझनच धोक्यात येतो. तेव्हा छाननी हवी. पण छाननीचा निकष मजकुराची सभ्यता आणि खरेदीचा पुरावा हा असावा. ताऱ्यांची संख्या कधीही नसावी. आणि तो निकष पाळला जातो की नाही, हे बाहेरच्या माणसाला तपासता यायला हवे.

आपला कायदा इथे अर्ध्यावर थांबला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्याच मालाबद्दल अभिप्राय लिहिता येत नाही. ही तरतूद चांगली आहे, पण ती खोटा ग्राहक उभा करण्याबद्दल आहे. खऱ्या ग्राहकाला दडवण्याबद्दल नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९००० हे मानक आले. अभिप्राय गोळा कसे करावेत, लिहिणाऱ्याची खातरजमा कशी करावी, छाननी आणि प्रसिद्धी कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. ते आले मात्र ऐच्छिक म्हणून. जो प्रामाणिक आहे तो ते पाळेल, आणि ज्याच्यासाठी ते हवे होते तो पाळणार नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ते सक्तीचे करण्याचा विचार मांडला, तो योग्यच होता. त्याच वर्षी अमेरिकेने नियम केला की, नकारात्मक म्हणून अभिप्राय दाबून ठेवायचे आणि दिसतात ते सगळे किंवा बहुतेक आहेत असे भासवायचे, हे बेकायदा ठरेल. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून खोट्या अभिप्रायांवर बंदी आणली आणि जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली.

आपल्याकडच्या नियमांना एक कलम जोडावे असे मी आग्रहाने म्हणेन. प्रत्येक वस्तूच्या पानावर सरासरीशेजारी तीन आकडे असावेत: किती अभिप्राय आले, किती प्रसिद्ध झाले, आणि वगळलेल्यांत कोणत्या ताऱ्यांचे किती होते. कंपनीकडे ही नोंद असतेच, त्यामुळे खर्चाची सबब टिकणार नाही. व्यापारी गुपितही यात उघड होत नाही. पाच तारे देणाऱ्यांपैकी शंभरातला एक वगळला आणि एक तारा देणाऱ्यांपैकी शंभरातले साठ वगळले, हे एवढे दिसले तरी वाचणाऱ्याला पुढचे सांगावे लागणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ठरावीक काळाने मोठ्या व्यासपीठांच्या नोंदी या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

ग्राहकांनी एकत्र येऊन बाजारावर नजर ठेवणे महाराष्ट्राला नवे नाही. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि वस्तूंच्या चाचण्या व तक्रारींचे काम तिने हाती घेतले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ बांधले आणि माल पारखून एकत्रित खरेदीची पद्धत रुजवली. या कामाचे बळ कुठे होते? माल पारखणारा तो विकून नफा कमावणारा नव्हता, आणि पारखताना चूक झाली तर ती त्याच्याच घरच्या डब्यात येणार होती. आजच्या व्यासपीठांवर नेमके हेच दोन गुण नाहीत. अशा संस्थांना चाचण्यांसाठी सार्वजनिक पैसा मिळाला आणि ते निकाल मराठीत सहज उपलब्ध झाले, तर ताऱ्यांवरचे आपले परावलंबन बरेच कमी होईल.

तोवर कंपनीने प्रसिद्ध केलेले अभिप्राय वाचूच नयेत, असे मी म्हणणार नाही. मी ते उपयोगाची माहिती म्हणून वाचतो, निकाल म्हणून नाही. सरासरी बाजूला ठेवून दोन-तीन ताऱ्यांचे, कारणे देणारे अभिप्राय आधी पाहावेत. जीव, आरोग्य किंवा मोठी बचत पणाला लागत असेल तिथे ते पुरेसे मानू नयेत. आणि आपला अनुभव साधारण असेल तेव्हाही चार ओळी लिहाव्यात, कारण गप्प राहणाऱ्या समाधानी-असमाधानी माणसांमुळेच टोकाचे आवाज मोठे होतात. पण सावधपणाचा सगळा भार ग्राहकावर टाकून आपण मोकळे होऊ नये. जी गोष्ट त्याला दिसूच दिली जात नाही, तिच्याबद्दल तो कितीही सावध असला तरी काय करणार? वगळलेले आकडे दाखवायला कंपन्या कायद्याने बांधल्या जाईपर्यंत त्यांच्या ताऱ्यांना जाहिरातीइतकेच वजन द्यावे. त्याहून अधिक विश्वास त्यांनी आकडे उघड करून मिळवावा.