माझ्या जवळपणाचा जाब

परळचं टाटा रुग्णालय माझ्या घरापासून लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरावर आहे. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. वडील पोटासाठी सिंधुदुर्गातून मुंबईत आले आणि इथलेच झाले, एवढंच. गावाकडच्या माझ्याच रक्ताच्या माणसाला कॅन्सर झाला, तर त्याला मात्र आजाराशी आणि अंतराशी एकाच वेळी झुंजावं लागतं. त्या अंतरात माझा वाटा किती, हे मला आज स्वतःला विचारायचं आहे.

अंतर म्हणजे रात्रभराची गाडी, असं मी धरून चाललो होतो. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ करते, सोबत्यालाही 75 टक्के सवलत देते. मग अडचण कसली, असं मनात यायचं. पण तिकीट हा या खर्चातला सगळ्यात लहान आकडा. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज घ्यावं लागतं, तेही सहा-सात आठवडे. यंत्राखाली काही मिनिटं झोपायचं, आणि त्या मिनिटांसाठी दीड महिना परक्या शहरात काढायचा. रुग्णाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतात. खोलीचं भाडं आणि गावात थांबलेला संसार यांचं काय, हा प्रश्न उरतोच. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. ज्यांना कुठेच मिळत नाही, ते रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्या बाजूने मी चालत गेलो आहे.

अंतर शरीरातही शिरतं. पेरणीसाठी म्हणून माणूस मध्येच गावी गेला, की रेडिएशनमध्ये खंड पडतो आणि उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात; तेव्हा ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मी रिक्षा करीन. वाडीवरच्या बाईला क्रोसिन देऊन सकाळची एसटी पकडायला सांगतील. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो, पण त्यानंतर रेडिएशन घ्यावंच लागतं. रोज यायचं कसं, या एका प्रश्नापायी कितीतरी बायका पूर्ण स्तन काढून टाकायला तयार होतात. बाईच्या शरीराचा निर्णय एसटीच्या वेळापत्रकाने घ्यावा, हे मला सहन का होतं?

आणि कुणी गेलं, की आम्ही शहरातले म्हणतो, ‘वेळेवर आणलं असतं तर.’ हे वाक्य माझ्याही तोंडी असतं. त्यात सगळा दोष आणणाऱ्यांवर जातो. बोलावणारी व्यवस्था एवढी लांब का, हे कुणी विचारत नाही.

अंतर हे काही विधिलिखित नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 साली कॅन्सर-तपासणीचा अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया त्या अभ्यासात होत्या. तपासणी त्यांच्या गावापर्यंत गेली. 2009 मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी हे साऱ्या जगाला दाखवून दिलं. रेडिएशनचं भाभाट्रॉन यंत्र आपल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं आहे. आसामात 2022 साली एकाच दिवशी सात कॅन्सर रुग्णालयांचं उद्घाटन झालं. म्हणजे जमतं. जिथे लोक मागतात आणि कुणी मनावर घेतं, तिथे जमतं.

मी काय मागितलं? उड्डाणपूल, मेट्रो, पाणी. माझ्या गावाला सगळ्यात जवळचं रेडिएशनचं यंत्र कुठे आहे, हे मी कुठल्याही उमेदवाराला विचारलेलं नाही.

एक गोष्ट मी स्वतःच्या बाजूने मांडत आलो आहे. गावाहून फोन येतो, ‘टाटाला दाखवायचंय, तुमच्याकडे उतरू का?’ आणि मी ‘या’ म्हणतो. पण ‘या’ म्हणताना मनात आधी ‘किती दिवस?’ हेच येतं. दोन खोल्यांच्या घरात ते येणारच. त्याची मला लाज नाही. बोच वेगळीच आहे. ‘या’ मी म्हणतो आणि तोंड सोललेल्या माणसासाठी बिनतिखटाची पेज माझी बायको करते, त्याची अंथरुणं ती धुते, रात्री कण्हणं ऐकून ती उठते. गावात माझ्या चांगुलपणाचं नाव होतं, कष्ट तिचे असतात. रुग्णाबरोबर आलेली बायकोही गुरं-पोरं शेजारणीवर टाकूनच आलेली असते. शासनाने न कापलेलं अंतर आपल्या बायका कापतात.

म्हणून पाहुणचार करून मी मोकळा होत नाही. उलट माझं दार उघडं आहे एवढ्यावर समाधान मानलं, तर या माणसांना इतक्या लांब यावंच का लागतं, हा प्रश्न मीच झाकून ठेवतो. दार उघडं राहीलच, आणि पेज मी करायला शिकेन. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना केमोनंतरच्या तापाबद्दल सांगून ठेवणं मला आजही जमण्यासारखं आहे. आणि मत मागायला येणाऱ्याला जिल्ह्यातल्या रेडिएशनबद्दल विचारणं हे माझ्यावरचं ऋण आहे. जवळ राहण्याचा फायदा मी जन्मभर घेतला. जे लांब राहिले त्यांच्या वतीने न बोलायला आता मला कुठलीही सबब उरलेली नाही.