यात काहीच नाही!

औषधाच्या दुकानात हल्ली एक वाक्य हमखास कानी पडते. गालांवर लाल चट्टे घेऊन आलेली बाई विचारते, "माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, काय देता?" काउंटरमागचा मुलगा फळीवरून नेमकी एक ट्यूब काढतो आणि म्हणतो, "ही घ्या ताई, बिनधास्त लावा. यात काहीच नाही." चारपाचशे रुपये मोजून काहीच नसलेली वस्तू घरी न्यायची, ही कल्पनाच मुळात चिडवणारी आहे. ट्यूब उलटी करावी तर मागे मुंगीच्या अक्षरांत पंचवीस-तीस नावे. पुढच्या बाजूला मात्र ठळक यादी असते ती नसलेल्या गोष्टींची: पॅराबेन नाही, सल्फेट नाही, सिलिकॉन नाही, मिनरल ऑइल नाही.

साबणाने तोंड रगडू नये, नवे क्रीम लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लावू नये, हे आता शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे. ते सोडून देऊ. घोळ होतो तो त्याच्या पुढे. संवेदनशील त्वचा हा आजार नव्हे, ती एक तक्रार आहे. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केलेली तिची व्याख्याही संवेदनांवरच उभी आहे: ज्या गोष्टीने एरवी काही होऊ नये, तिने आग होते, टोचते, खाजते, चुरचुरते. त्वचा दिसायला अगदी नितळ असू शकते. म्हणजे दुकानात येणाऱ्या दहा जणी एकच शब्द वापरतात, पण त्यांच्या त्वचेत घडणाऱ्या गोष्टी एक नसतात.

त्यांतल्या निदान दोन तरी वेगळ्या काढायलाच हव्यात. एक झोंबणे, दुसरे वावडे.

झोंबणे हा मात्रेचा मामला आहे. ग्लायकॉलिक ॲसिड, रेटिनॉल, तीव्र व्हिटॅमिन सी, अल्कोहोल, साबण ही मंडळी पुरेशा प्रमाणात कुणालाही झोंबतील; कुणाला लवकर, कुणाला उशिरा, एवढाच फरक. नाकाच्या बाजूच्या घडीत लॅक्टिक ॲसिडचे थेंब लावून किती चुरचुरते ते पाहायची एक जुनी चाचणीच आहे. अशा त्वचेवर उपायही मात्रेचाच: प्रमाण कमी करा, दिवसाआड लावा, आधी साधे मॉइश्चरायझर लावून त्यावर लावा.

वावडे मात्र मात्रेपेक्षा स्मृतीवर चालते. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखादे द्रव्य एकदा शत्रू म्हणून नोंदवते आणि पुढे ते लाखात काही भाग एवढेच असले तरी पुरते. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. ओळख पटायला दीड-दोन आठवडे लागू शकतात, आणि त्यानंतरच्या भेटीत पुरळ उठते ते बहुधा एक ते तीन दिवसांनी. म्हणून दुकानात मनगटावर टेस्टर चोळून "काही झालं नाही बघ" म्हणणाऱ्या मैत्रिणीला फार तर झोंबण्याबद्दल कळलेले असते. वावड्याबद्दल तिला काहीही कळलेले नसते.

हा फरक विसरला की काय होते, याचा इतिहास त्या 'नाही'च्या यादीतल्या पहिल्याच नावात आहे. 2004 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाच्या 20 गाठींचे नमुने तपासले गेले आणि त्यांत पॅराबेन सापडले. निरोगी पेशींशी तुलना त्यात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्या अभ्यासाने दाखवलेही नव्हते. पण बातमी व्हायची ती झाली. कंपन्यांनी पॅराबेन काढायला सुरुवात केली. आता क्रीममध्ये पाणी असते, आणि पाणी आहे तिथे जंतू येणार, म्हणजे परिरक्षक लागणारच. 2005 मध्ये युरोपात मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य सौंदर्यप्रसाधनांत एकट्याने वापरायला दहा लाखांत 100 भागांपर्यंत मुभा मिळाली. ते बाळांच्या ओल्या वाइप्समध्ये गेले, शाम्पूत गेले, क्रीममध्ये गेले. काही वर्षांतच युरोपातल्या त्वचारोग विभागांत त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की तज्ज्ञ 'साथ' हा शब्द वापरू लागले. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका द्रव्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवते. 2013 चा हा मान मिथाइलआयसोथायाझोलिनोनला मिळाला. 2017 पासून युरोपात ते अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून हद्दपार झाले. आणि 2019 साली त्याच सोसायटीने पॅराबेनला 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवले, कारण वर्षानुवर्षांच्या चाचण्यांत त्यांची ॲलर्जी विरळाच आढळली होती. ज्याला फार थोड्यांचे वावडे होते ते काढले आणि ज्याचे हजारोंना झाले ते घातले. जाहिरातीत हे सौम्यतेच्या नावाखाली घडले.

'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाचीही गोष्ट फार वेगळी नाही. 1975 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की हा शब्द छापायचा तर इतरांपेक्षा कमी लोकांना त्रास होतो हे चाचण्यांनी सिद्ध करा. दोन प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये अपील न्यायालयाने नियमच रद्द केला. आजही तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही.

इथपर्यंत वाचून स्वयंपाकघरपंथी लोक मान डोलावत असतील. "म्हणूनच आम्ही म्हणतो, जे खाता येत नाही ते तोंडाला लावूच नका!" हा पंथ मोठा आहे. त्याचे अनुयायी घरोघरी आहेत आणि फोनवर तर दर मिनिटाला एक नवा जन्मतो. हळद, बेसन, दही, लिंबू, मध. डब्यातून थेट गालावर. पंथाचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो: पोटाला चालते ते कातडीला का चालू नये?

चालत नाही, कारण पोटाची आणि कातडीची शत्रू ओळखण्याची रीत वेगळी आहे. अन्न तोंडावाटे गेले की शरीर सहसा ते सोसायला शिकते. तेच भेगाळलेल्या, दाहलेल्या त्वचेतून आत गेले तर त्याच्याशी वैर धरण्याचा संभव वाढतो. जपानमध्ये 'चा नो शिझुकू' नावाचा चेहऱ्याचा साबण लाखो लोक वापरत होते. त्यात गव्हाचे प्रथिन तोडून बनवलेला एक घटक होता. गहू! याहून निरुपद्रवी काय असणार? काही वर्षे रोज त्या साबणाने तोंड धुतल्यावर अनेकांना पाव, नूडल्स खाल्ल्यावर अंगावर गांधी उठू लागल्या, डोळे सुजू लागले, काहींचा रक्तदाब कोसळला. 2011 मध्ये साबण मागे घेण्यात आला आणि पुढे दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. खाता येणारी वस्तू चेहऱ्याला लावली आणि ती खाताच येईना.

लिंबाचे तर बोलायलाच नको. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल, साधारण 5 पीएचच्या आसपास असतो. लिंबाचा रस 2 च्या जवळ. वर काही लिंबांच्या सालीत अशी द्रव्ये असतात की ती लागलेल्या जागी ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. तेलांबाबत पंथाचे घर आतूनच फुटलेले आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधल्या चाचणीत इसब असलेल्या मुलांना मिनरल ऑइलपेक्षा व्हर्जिन खोबरेल तेलाचा जास्त उपयोग झाला; कोकणी आजीला यात नवल वाटणार नाही. पण ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या हाताच्या त्वचेचे आवरण कमजोर झाल्याचे दिसले आहे, आणि मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेची तीच गत केली. तिघेही स्वयंपाकघरातलेच.

वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर थोडे पुण्याकडे वळायला हरकत नाही. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हे आपल्याकडे अमेरिकी गव्हाबरोबर आले असे सगळे सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याही आधीच्या नमुन्यांकडे बोट दाखवतात. पण ते फोफावत असल्याची दखल 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यात घेतली गेली, एवढे खरे. पुढच्या वीस वर्षांत शेतकऱ्यांचे आणि रस्त्याकडेला काम करणाऱ्यांचे चेहरे, पापण्या, मान, कोपरांच्या घड्या जाड आणि काळ्या पडू लागल्या. गवताला हात लावायचीही गरज नव्हती. वाळलेला भुगा वाऱ्यावर आला तरी पुरे. दोषी द्रव्याचे नाव पार्थेनिन. त्याची भावंडे सूर्यफुलाच्या अख्ख्या कुळात पसरलेली आहेत: शेवंती, आर्निका, कॅमोमाइल. आणि कॅमोमाइल कुठे सापडते? 'संवेदनशील त्वचेसाठी, शामक' असे लिहिलेल्या क्रीममध्ये. पुण्या-सोलापुरातल्या ज्या माणसाला या गवताचे वावडे आहे, त्याच्या दाहावर त्याच कुळाचा अर्क चोपडला जाण्याची शक्यता अगदी खरी आहे. ते क्रीम शंभर टक्के नैसर्गिकही असेल.

झोंबणे आणि वावडे ही विभागणी कितीही लाडकी असली तरी ती टिकलीपाशी अडते, हेही सांगितले पाहिजे. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल असले तर काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ हे अनेक दशके नोंदवत आले आहेत. काहींना आधी खाज येते, पण काहींना ना खाज, ना आग. हे द्रव्य रंग बनवणाऱ्या पेशीच मारते. त्वचा तक्रार करत नाही म्हणजे तिचे बरे चालले आहे, असा हिशेब इथे चुकतो.

तरीही स्वयंपाकघरपंथीयांवर शेवटचा वार करायला जावे तर हात अडखळतो. दिवाळीचे उटणे घ्या. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल: ॲलर्जीच्या दृष्टीने बघितले तर हा सुगंधी द्रव्यांचा जमावच आहे. पण पिढ्यान् पिढ्या ते बहुतेकांना सोसले. का? ते नैसर्गिक होते म्हणून नव्हे. ते वर्षातून चार दिवस, दहा मिनिटे लावून धुतले जात होते म्हणून. युरोपच्या नियमांतही नेमका हाच भेद आहे, धुऊन टाकायचे की अंगावर राहू द्यायचे. जपानी साबण धुतलाच जात होता, पण रोज, आणि साबण स्वतःच त्वचेचे दार किलकिले करत होता. पंथाचे तत्त्वज्ञान चूक असेल. त्याच्या आज्यांची वारंवारता बरोबर होती.

आणि मग घटकांची यादी अभ्यासण्याचा सगळा उत्साह जरा मावळतो. भारतात कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मागून, कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सीइथेनॉल या परिरक्षकाची मर्यादा एक टक्का असल्याने त्याच्या नंतर आलेले केशर आणि चंदन किती आहे ते लगेच कळते. ही युक्ती जाहिरातीची गंमत बघायला छान आहे. पण वावडे असलेल्याला एक टक्क्याची रेघ काय उपयोगाची? त्याला शेवटचे नावही पुरते. आणि ज्याला नुसते झोंबते त्याच्यासाठी मुख्य प्रश्न यादीत काय आहे हा नसून रोज किती याद्या एकावर एक चढतात हा आहे: फेसवॉश, टोनर, दोन सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री आणखी काही. त्यात आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना 'गोरेपणासाठी' वापरली जाणारी स्टेरॉइडमिश्रित क्रीम्स. अशा क्रीमने पातळ आणि लाल झालेल्या, लावले नाही की पेटून उठणाऱ्या चेहऱ्यासाठी आपल्या डॉक्टरांनी 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' हे नावच रूढ केले आहे, आणि 2018 मध्ये सरकारने बाह्य वापराची 14 स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकण्यावर बंधन आणले. असा चेहरा जन्मतः संवेदनशील नसतो, तो तसा बनवला जातो. त्याला चांगले क्रीम शोधून देण्यापेक्षा आधीचे थांबवणे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जास्त महत्त्वाचे.

म्हणजे शेवटी त्या काउंटरवरच्या मुलाचे वाक्य तत्त्वतः बरोबरच होते, त्याने ट्यूब तेवढी चुकीची दिली. खरोखरच जवळजवळ काही नसलेली वस्तू बाजारात आहे, तिचे पेटंट 1872 मध्येच घेतले गेले आणि ती स्वस्त आहे: बिनवासाची पेट्रोलियम जेली. तिच्यात पाणीच नाही, म्हणून परिरक्षकही लागत नाही. ॲलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये संशयित द्रव्ये रुग्णाच्या पाठीवर लावतात तेव्हा त्यांतली बहुतेक याच जेलीत कालवलेली असतात, कारण तिचे वावडे जवळपास कुणाला नसते. मुंबईच्या घामात ती चेहऱ्यावर चिकचिकते, हे मान्य. पण 'मिनरल ऑइल नाही' अशी फुशारकी मारणारी ट्यूब तिच्याच जातीतल्या, क्वचितच कुणाला त्रास देणाऱ्या घटकाला हाकलून बदल्यात लॅव्हेंडरचे तेल घालते, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

पॅच टेस्ट 1890 च्या दशकात योझेफ याडास्सोन यांनी ब्रेस्लाऊमध्ये सुरू केली आणि आजही तिला पर्याय नाही. पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, काढून बघायचे, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचे. वारंवार पुरळ उठणाऱ्याने दहा क्रीम्स बदलण्याआधी ती करून घ्यावी. घरच्या घरी करायचेच तर नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून बघावे. केसांच्या कलपाला मात्र ही रीत लागू नाही.

समजा चाचणी झाली आणि सुगंधी द्रव्यातला एक घटक दोषी निघाला. युरोपात असे 26 घटक 2005 पासून वेष्टनावर नावानिशी छापावे लागतात आणि 2023 च्या नियमाने ही यादी 80 च्या वर गेली. लिमोनीन, लिनॅलूल ही नावे आयात केलेल्या डब्यांवर दिसतात ती त्यामुळे. हे दोन्ही हवेशी संयोग होऊन जुने झाले की जास्त तापदायक ठरतात, म्हणजे कपाटातली दोन वर्षांची बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट. आपल्याकडच्या बहुतेक ट्यूबवर मात्र 'परफ्यूम' एवढा एकच शब्द असतो. 'अनसेंटेड' लिहिलेल्या डबीतही मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. रिपोर्टवर एका घटकाचे नाव छापून आलेला माणूस मग वासाची प्रत्येक डबी परत फळीवर ठेवतो, त्यांतल्या बऱ्याच त्याला चालल्या असत्या तरी, आणि कोणत्या चालल्या असत्या हे त्याला दुकानदारही सांगू शकत नाही.