दगडाची जामीनकी

सगळ्यांना पूज्य असलेला दगड एकाच्याच शेतात उभा असेल, तर त्याचा त्रास कोणी सोसायचा?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे स्टेनेसला सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा आहेत. त्यांच्या जवळच ओडिनची शिळा होती. तिला आरपार भोक. प्रेमिकांनी दोन बाजूंना उभं राहून त्यातून हातात हात घालायचे नि शपथ घ्यायची. झालं! ना स्टँप-पेपर, ना साक्षीदार. आम्ही बँकवाले कर्जाला दोन-दोन जामीनदार घेतो, तरी हप्ते थकतात. तिथे जन्माच्या संसाराला एक दगड पुरायचा.

१८१४ च्या डिसेंबरात कॅप्टन मॅके नावाच्या कुळानं ही शिळा फोडली. होय, कूळच, जमीन त्यानं खंडानं घेतलेली. शिळेसाठी येणारी माणसं शेत तुडवतात, ही त्याची तक्रार. लोक असे खवळले की त्याचं घर पेटवायला निघाले, तेही दोनदा! त्याला थांबवलं, तोवर आणखी एक शिळा फुटली होती नि एक आडवी झाली होती. आडवी झालेली १९०६ साली पुन्हा उभी केली. ओडिनची मात्र गेली ती गेलीच.

आता मॅकेला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या वाफ्यातली कोथिंबीर कोणी तुडवली, तर आपण काय काय बोलतो? वारसा म्हणजे जॉइंट खातं. त्यातून काढायला सगळे आणि भरणा एकट्याचा, असं फार दिवस चालत नाही. घर पेटवायला जमलेल्यांनी आधी काठ्या रोवून एक पायवाट आखली असती तर?

म्हणून मॅके सुटतो असं नाही. तुडवलेलं पीक पुढच्या हंगामात येतं; फोडलेला दगड कुठल्या हंगामात येणार? कुळानं पीक घ्यावं, जमीन मोडून खाऊ नये. आणि ५००० वर्षांच्या दगडापुढे जमीनमालक काय, तुम्ही-आम्ही काय, सगळी कुळंच.

ब्रिटनमध्ये अशा स्मारकांच्या रक्षणाचा कायदा आला १८८२ साली, म्हणजे ६८ वर्षं उशिरा. उरलेल्या शिळा १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. छान झालं. पण यादी काही हातोडा धरायला धावत नाही. तो शेजारच्या माणसानं धरायचा, आणि त्या माणसाचं पीक आपण राखायचं.

राहता राहिल्या त्या जोडप्यांच्या शपथा. जामीनदार गेला म्हणून मूळ कर्ज फिटत नाही, हा बँकेचा नियम. संसारी माणसांना तो वेगळा सांगायला नको.